नऊ कळा, बाकीच्या गहाळ

मित्रांनो, कागदावर काळी अक्षरे उमटवणारी टंकयंत्रे तुम्ही पाहिली असतील. मी त्यांच्याच नात्यातला, पण माझ्याकडे शाई नाही, फीत नाही आणि माझ्या कळांवर एकही अक्षर नाही. मी ठिपके उठवतो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसे बोटांनी वाचतात, त्या ब्रेल लिपीचे मी जुने यंत्र आहे. माझी पन्नाशी उलटली आहे. रंग करडा, आवाज मोठा आणि वजन एवढे की पहिल्यांदा उचलणारा 'अरे बापरे' म्हणतोच. स्वभावाने मी थोडा तापट आहे हे आधीच सांगून ठेवतो. पण आज मी भांडायला बसलेलो नाही. आज मला आभार मानायचे आहेत, आणि ते इतक्या जणांचे आहेत की सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

माझा जन्म एका लांबलचक, तेलकट वासाच्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर तपासणी करणाऱ्या एक बाई बसत. त्यांची नजर उत्तम होती, तरी यंत्र तपासताना त्या डोळे घट्ट मिटत आणि नुकत्याच उठवलेल्या ओळीवरून बोट फिरवत. शेजारच्या कामगाराने एकदा थट्टा केली, "काय बाई, झोप लागली का?" त्या म्हणाल्या, "वाचणारा बोटांनीच वाचणार आहे. मी डोळे उघडे ठेवून तपासलं, तर त्याचा त्याला काय उपयोग?" त्या बाईंना माझा पहिला नमस्कार. त्यांनी मला तीनदा परत पाठवले आणि चौथ्यांदा पास केले, म्हणून मी पन्नास वर्षे टिकलो.

माझी रचना साधी आहे. एका घरात सहा ठिपके, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. त्यांतले कोणते उठवायचे आणि कोणते सोडायचे, त्यावरून अक्षर ठरते. म्हणून सहा ठिपक्यांच्या सहा कळा, मधोमध जागा सोडायची एक, आणि दोन टोकांना ओळ बदलायची व मागे सरकायची अशा दोन. झाल्या नऊ. माझ्या डोळस भावंडांनी पन्नास-पन्नास कळांचा पसारा मांडला आहे, पण मला त्यांचा कधी हेवा वाटला नाही.

कारखान्यातून मी अंध मुलांच्या एका शाळेत आलो. तिथे पंधरा-सोळा वर्षांनी मला मास्तर भेटले. ते तेव्हा ऐन तिशीत होते. लहानपणी आजारात त्यांची दृष्टी गेली होती, पण वर्गात कोण बाकाखाली पाय हलवतो आहे हे त्यांना बरोबर कळत असे. त्यांच्या वर्गात आठ वर्षांची एक किरकोळ मुलगी होती. तिच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून ती माझ्या कळा मुठीने ठोकत असे. मास्तर म्हणत, "अगं, ते दार नाही धडका मारायला. हळू सांग, तो ऐकतो." पुढे तिची बोटे इतकी चपळ झाली की मलाच धाप लागू लागली.

एकदा मी बाकावरून खाली पडलो. कुणाची चूक होती ते सांगत नाही, गेल्या गोष्टी उगाळून काय मिळते? शाळेजवळ शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांनी मला मांडीवर घेऊन सगळे उलगडले आणि म्हणाले, "शिलाईचं मशीन शिवतं, हे नुसतं टोचतं. फरक एवढाच." दुरुस्ती झकास झाली. फक्त चौथ्या ठिपक्याची पिन त्यांनी घासता घासता केसभर जास्त घासली. तेव्हापासून माझा चौथा ठिपका इतरांपेक्षा थोडा दबलेला उठतो. मुलांनी त्याचे नाव 'उपाशी ठिपका' ठेवले. मला तेव्हा फार लागले होते, पण मुलांचे तोंड कोण धरणार!

मुले मोठी झाली, पांगली. शाळेत नवी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेलो. मास्तर निवृत्त झाले तेव्हा सरकारने त्यांना अंधजन सल्लागार मंडळाचे सदस्य-सचिव नेमले. ते शाळेत आले आणि म्हणाले, "मला हार नको, नारळ नको. तो करडा म्हातारा द्या." अशी माझी नोकरी सरकारी झाली.

सल्लागार मंडळ म्हणजे काय, ते सांगतो. सरकारला सगळ्यातले सगळे कळत नाही. म्हणून ज्यांना एखाद्या विषयातले कळते अशा चार माणसांना बोलवायचे, त्यांनी चर्चा करायची, ती लिहून काढायची आणि सरकारला शिफारस करायची. ऐकायचे की नाही, हे सरकारची मर्जी. आमच्या राज्यात अशी त्रेचाळीस मंडळे आणि आयोग होते. मधमाश्यांसाठी मंडळ, विहिरींसाठी मंडळ, जुन्या झाडांसाठी मंडळ. एक कंदील सल्लागार मंडळसुद्धा होते. घरोघरी वीज येऊन तीस वर्षे झाली होती, तरी ते वर्षातून एकदा जमायचे, चहा प्यायचे आणि पुढल्या वर्षी जमायचे ठरवून उठायचे.

आमचे मंडळ तिसऱ्या मजल्यावर होते. एक टेबल, चार खुर्च्या आणि एक कपाट. कपाटाचे दार गुडघा मारल्याशिवाय उघडत नसे. मास्तरांशिवाय दोन सदस्य होते, एक खुर्च्या विणणाऱ्या बाई आणि एक वकील. तिघेही ठिपके वाचणारे. सभेत असे कडाडून भांडत की शेजारच्या खोलीतले लोक येऊन विचारत, "सगळं ठीक आहे ना?" मास्तर दोघांचेही ऐकून घेत आणि सभा संपली की एकटे बसून माझ्यावर इतिवृत्त काढत. चार वर्षांत त्यांनी अकरा शिफारशी केल्या. त्यांतली सातवी मास्तरांच्या अगदी जिवाजवळची होती. सरकारी नोकरीत बढती हवी असेल तर खात्याची परीक्षा द्यावी लागे, आणि नियम असा होता की उमेदवाराने उत्तरे स्वतःच्या हाताने, शाईने लिहावीत. म्हणजे अंध माणूस नोकरीला ज्या खुर्चीत बसला, त्याच खुर्चीतून निवृत्त व्हायचा. सातवी शिफारस सांगत होती की अशा उमेदवाराला लेखनिक मिळावा. त्याने बोलावे, लेखनिकाने लिहावे.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. मंडळाच्या स्थापनेच्या आदेशात स्पष्ट लिहिले होते की इतिवृत्त ठिपक्यांत ठेवावे आणि त्याची शाईतली नक्कल विभागाने करून घ्यावी. त्यासाठी विभागात एक जाणकार टंकलेखक होता. पहिल्या सभेआधीच तो निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामीच राहिली. ही गोष्ट मास्तरांना कुणी कळवली नाही. ते दर सभेनंतर माझ्यावर इतिवृत्त काढत, ओळखीच्या कुणाकडून 'सोबत इतिवृत्त जोडले आहे' एवढी एका ओळीची चिठ्ठी लिहून घेत आणि सगळे दुसऱ्या मजल्यावर विभागात पाठवत. तिथे टपाल उतरवून घेणारा नवा आवक कारकून होता. मनाने भला, पण घाईचा. त्याने चिठ्ठी वाचली, मागचे जाड पिवळसर कागद पाहिले, आणि हळहळला. "बिचारे मास्तर! दिसत नाही ना, कोरेच कागद जोडून पाठवतात."

आणि मित्रांनो, तो खरोखर चांगल्या मनाचा होता, म्हणून गप्प राहिला. मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून त्याने कधी विचारले नाही. मास्तर फोन करत, "इतिवृत्त मिळालं का?" तो म्हणे, "मिळालं, मास्तर, मिळालं." चिठ्ठी तो फायलीला लावी. कागद चांगले जाड होते, सरकारी माल वाया का घालवायचा? इतर मंडळांच्या फायलींना वेष्टन करायला ते फार उपयोगी पडले. चार वर्षांच्या सभा अशा बाकीच्या बेचाळीस मंडळांच्या पाठीवर जाऊन बसल्या, आणि आमची फाइल मात्र चिठ्ठ्यांपुरती उरली.

मग हुकूम निघाला की मंडळे फार झाली, सगळ्यांचा आढावा घ्या, जी झोपली आहेत ती बंद करा आणि जी एकाच कामाची आहेत ती एकत्र करा. आढाव्यासाठी एक अधिकारी बाई आल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी सहा मंडळे बंद केली, तेव्हा इमारतीने त्यांचे नाव 'कात्रीबाई' ठेवले. खरे सांगायचे तर ती सहा मंडळे बंद होण्याच्याच लायकीची होती. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, त्याला कोण काय करणार?

त्यांची माणसे आमच्या खोलीत सामान मोजायला आली. मास्तर त्या दिवशी दवाखान्यात गेले होते. एकाने माझ्याकडे वाकून पाहिले, कळांवर अक्षरे शोधली, पाठीमागे फीत शोधली, आणि यादीत लिहिले: 'टंकयंत्र, एक. अक्षरे पुसलेली. नऊ कळा शिल्लक, बाकीच्या गहाळ. निरुपयोगी.' तशी चिठ्ठी माझ्या कपाळावर चिकटवून त्यांनी मला तळमजल्यावरच्या भंगाराच्या खोलीत नेले. माझा तापटपणा तुम्हाला ठाऊक आहेच. पण तोंडाला कुलूप असलेल्याने रागावून करायचे काय?

चार दिवसांनी मास्तरांना पत्र आले. त्यात सुनावणीला येऊन दोन गोष्टींचा खुलासा करायला सांगितले होते. एक, टंकयंत्राच्या गहाळ कळा कुठे गेल्या? दोन, मंडळाने चार वर्षांत कामाचा एकही कागद का तयार केला नाही? खुलासा समाधानकारक नसल्यास मंडळ 'काम शून्य' या शेऱ्यासह बंद होईल. तो शेरा बसला असता तर अकराही शिफारशी मंडळाबरोबरच संपल्या असत्या, कारण शून्य काम करणाऱ्याच्या शिफारशी असणार कुठून?

भंगाराच्या खोलीला लागूनच टेलिफोनची खोली होती. मधले दार बंद होत नसे, त्यामुळे मला तिथले सगळे ऐकू येई. तिथली ऑपरेटर बोलली, आणि मी आवाज ओळखला. मुठीने ठोकणारी माझी ती आठ वर्षांची मुलगी! आता ती चाळिशीची ताई झाली होती. एकोणीस वर्षे याच खुर्चीवर. इमारतीतला प्रत्येक नंबर तिला पाठ होता. तिच्या मागून आलेले तिघे परीक्षा देऊन साहेब झाले होते आणि तिच्याकडूनच फोन जोडून घेत होते. मी भिंतीपलीकडे आहे हे तिला माहीत नव्हते. हाक मारता येत नाही याचे दुःख मला आयुष्यात तेवढे कधीच झाले नाही.

एका सकाळी शिपाईमामा आढाव्याच्या फायलींचा गठ्ठा घेऊन चालले होते. ताई म्हणाली, "मामा, हा पंखा माझे कागद उडवतोय हो. काहीतरी जड द्या ना ठेवायला."

मामांनी गठ्ठ्यातली वरची फाइल काढून तिच्या टेबलावर ठेवली. "ही घ्या. जाताना घेऊन जातो."

ताईने फाइल सरळ करायला तिच्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच थांबला. मग तिची बोटे चालू लागली, डावीकडून उजवीकडे, आणि पुन्हा डावीकडून.

"मामा, ही फाइल कुणाची?"

"कंदीलवाल्यांची. वर निळ्या शाईने लिहिलंय की."

"मग हिच्या पाठीवर आमच्या मास्तरांची सभा कशी काय?"

मामांना काही कळेना. ताई मोठ्याने वाचू लागली. "अंध उमेदवाराला खात्याच्या परीक्षेत लेखनिक देण्यात यावा, अशी सातवी शिफारस एकमताने..." पुढचा भाग फाइल शिवताना दोऱ्याखाली गेला होता. तिने पुन्हा बोट फिरवले. "आणि हे आमच्या शाळेतल्या यंत्राचंच काम आहे. चौथा ठिपका बघा, अजून उपाशीच!"

मित्रांनो, ज्या उणिवेची मी तीस वर्षे लाज बाळगली, तीच माझी ओळख ठरली. शिलाईवाल्या काकांना माझा दंडवत.

ताईने तडक मास्तरांना फोन लावला. मास्तर ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे ते वाचलेच गेले नाहीत?" एवढेच. त्यांचा आवाज मला ऐकू येत नव्हता, ताईने ते शब्द मामांना सांगितले आणि डोळे पुसले.

"मास्तर, सुनावणी कधी आहे?" तिने विचारले.

सुनावणी गुरुवारी होती. मधे दोन दिवस होते. कागद बेचाळीस ठिकाणी विखुरलेले होते. पण ताई टेलिफोनवर बसली होती, आणि सगळे नंबर तिच्या बोटांवर होते. तिने एकेका मंडळाला फोन लावायला सुरुवात केली.

"तुमच्या फायलीला जाड पिवळसर कागदाचं वेष्टन आहे का?" तिने मधमाशीवाल्यांना विचारले.

"आहे."

"त्यावरून जरा हात फिरवून बघा."

थोड्या वेळाने पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "अंगावर पुरळ आल्यासारखा लागतोय हो."

"तेच पुरळ मला हवंय. मामांना पाठवते."

विहिरीवाले सचिव कडक होते. म्हणाले, "कागद सरकारी आहे. लेखी मागणी करा."

"करते की. पण मी लिहिलेलं वाचायला मलाच बोलवावं लागेल, चालेल ना?"

त्यांनी मुकाट्याने कागद सोडला. दोन दिवसांत त्या इमारतीत अजब प्रकार घडला. जी मंडळे वर्षानुवर्षे एकाच जिन्याने चढत-उतरत होती आणि एकमेकांचे तोंडही पाहत नव्हती, ती एकमेकांना विचारू लागली, "तुमच्याकडे काही सापडलं का?" जुन्या झाडांच्या मंडळाने तर स्वतःहून नऊ कागद आणून दिले. कुठे दोऱ्याची भोके होती, कुठे चहाच्या कपाचे गोल डाग, कुठे निळ्या शाईत भलतेच नाव. पण ठिपके बहुतेक शाबूत होते. तीनशे बारापैकी दोनशे शहाऐंशी कागद परत आले. मामांनी जिने चढून-उतरून गुडघे धरले. त्यांचे आभार मानले तर ते म्हणतात, "मी काय केलं? नुसता भार वाहिला." जगात भार वाहणाऱ्याचे आभार सगळ्यांत कमी मानले जातात, म्हणून मी मुद्दाम मानतो.

कागद ठेवायला मामांनी भंगाराच्या खोलीचे दार उघडले, आणि मागोमाग आलेल्या ताईचा हात माझ्यावर पडला. तिने आधी कपाळावरची चिठ्ठी चाचपली, मग माझ्या नऊही कळा. माझ्या पाठीवर गाल टेकून उभी राहिली, बराच वेळ.

गुरुवारी अकरा वाजता दोघांनी मला उचलून जिन्याने वर सुनावणीच्या खोलीत नेले. कात्रीबाई मध्यभागी बसल्या होत्या. बारीक चष्मा, समोर टोकदार पेन्सिल. आवक कारकूनही बोलावला होता. तो भिंतीला टेकून उभा होता.

"मास्तर, खुलासा करा," बाई म्हणाल्या.

"आधी कळांचा करू की कामाचा?"

"कळांचा."

"एवढ्याच असतात, बाई."

"नऊच?"

"नऊच. कामाला कधी कमी पडल्या नाहीत."

कुणीतरी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिले. "हे कागद मला कोरे दिसतात. तुम्ही म्हणता त्यांवर चार वर्षांचं काम आहे. मी कशावरून मानू?"

प्रश्न रास्त होता, आणि त्यांनी त्याची तोडही स्वतःच काढली. गठ्ठ्याच्या मधून एक कागद ओढला आणि मास्तरांना वाचायला सांगितले. मास्तर वाचत गेले, बाई शब्दन् शब्द लिहून घेत गेल्या. मग तोच कागद मामांबरोबर खाली पाठवला आणि फोन उचलून ताईला सांगितले, "वाचा." ताई फोनवर वाचत होती आणि बाईंची पेन्सिल लिहिलेल्या ओळींवरून सरकत होती. बस थांब्याची उंची, खडबडीत पट्टी, विणकाम करणाऱ्या बाईंचा आक्षेप, वकिलांचे उत्तर. एका जागी ताई थांबली आणि म्हणाली, "इथे मास्तरांनी कंसात लिहिलंय की चहा गार होता." बाईंनी आपला कागद पाहिला. तेही लिहिलेले होते.

बाईंनी फोन ठेवला. गठ्ठ्यातला दुसरा एक कागद जवळ ओढला आणि चष्मा काढून त्यावरून सावकाश बोटे फिरवली.

"मी हे कागद तीन वेळा पाहिले," त्या म्हणाल्या. "एकदाही हात लावला नाही. माझी चूक झाली, मास्तर."

आवक कारकुनाला राहवेना. तो पुढे आला. "चूक माझी आहे. मला वाटलं, तुम्हाला दिसत नाही म्हणून चुकून कोरेच कागद जोडले जातात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मास्तर आधी गंभीर झाले. मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झाले. "अहो, मला दिसत नाही हे खरं. पण कोरा कागद मला तुमच्याआधी कळतो!"

आता तुम्हाला वाटेल की मंडळ वाचले. तसे नाही. बाईंनी 'काम शून्य' हा शेरा खोडला आणि त्यावर आपली सही केली, पण मंडळ वेगळे ठेवायला त्या तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्यापासून दोन खोल्यांवर कर्णबधिरांचं मंडळ आहे. आणि ज्यांना चालता येत नाही त्यांचंही मंडळ तुमच्याच मजल्यावर आहे. इमारतीत लिफ्ट नाही. त्यांची सभा कुठे होते माहीत आहे का? खाली गाड्या लावायच्या जागेत." हे आम्हालाही माहीत नव्हते. "तीन मंडळं, तिन्हींना टंकलेखक नाही, तिघांचं कुणी ऐकत नाही. एक आयोग करा, तळमजल्यावर बसा, एकत्र मागा."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मास्तरांची चार वर्षे गेली होती. कपाटाला गुडघा कुठे मारायचा हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते. शेवटी ते म्हणाले, "पाटी उतरवा, बाई. खोली घ्या. सातवी शिफारस तेवढी मरू देऊ नका."

"अकराही जशाच्या तशा नव्या आयोगाकडे जातील," बाई म्हणाल्या, आणि तसे लिहूनही दिले. आणखी एक ओळ त्यांनी आपणहून घातली, की आयोगाचा प्रत्येक कागद दोन्ही लिपींत निघेल. इमारत आजही त्यांना कात्रीबाईच म्हणते. मी मात्र तसे म्हणत नाही.

नव्या खोलीत मला खिडकीजवळचे टेबल मिळाले. यादीत माझी नोंद आता 'ब्रेल टंकयंत्र, एक, नऊ कळा, पूर्ण' अशी आहे. आवक कारकून रोज जेवणाच्या सुट्टीत मास्तरांकडे ठिपके शिकायला येऊ लागला. सुरुवातीला त्याने माझ्यावर जे काही लिहिले ते वाचून मास्तरांचे डोके दुखायचे. पण गडी नेटाचा निघाला. आठ महिन्यांनी सातव्या शिफारशीचा आदेश निघाला, तेव्हा त्याची ठिपक्यांतली प्रत त्यानेच माझ्यावर काढली. जीभ दातांत धरून, एकेक कळ मोजून दाबत होता. काम झाल्यावर तो कागद घेऊन टेलिफोनच्या खोलीत गेला आणि ताईच्या हातात देऊन नुसता उभा राहिला.

ताईने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. फोन वाजत होता, तिने तो वाजू दिला. सगळा कागद संपवून ती म्हणाली, "एकोणीस वर्षं या इमारतीत आहे. माझ्या नेमणुकीचा कागदसुद्धा दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवला होता. हा पहिला सरकारी कागद, जो मी स्वतः वाचला."

ती परीक्षेला बसली. लेखनिक शेजारी बसला, ताई सांगत गेली. निकाल लागला तेव्हा चार विषयांत पास आणि एका विषयात नापास. मामांचा चेहरा पडला, कारकून समजूत घालायला शब्द शोधू लागला. आणि ताई? ती पोट धरून हसत होती. "अहो, रडताय काय? इतकी वर्षं मला नापाससुद्धा होऊ दिलं नव्हतं कुणी!"

सध्या ती त्या विषयाची पुन्हा तयारी करते आहे. संध्याकाळी पाळी संपली की माझ्यासमोर बसते आणि टिपणे काढते. बोटे पूर्वीसारखी चपळ राहिली नाहीत, माझेही सांधे कुरकुरतात. पण आमचे बरे चालले आहे.

मित्रांनो, एवढे सगळे सांगून तुमच्याकडे मागायचे ते थोडेच आहे. माझ्यासारखे एखादे यंत्र कुठे धूळ खात असेल तर त्याला वर्षातून दोनदा तेलाचा थेंब द्या, आणि त्याला काय येते हे ते वापरणाऱ्याला विचारा. कुणाचा कागद तुम्हाला कोरा वाटला तर दयेपोटी गप्प बसू नका. त्याच्याकडे जा आणि विचारा, "यात काय लिहिलं आहे?" त्याला राग येणार नाही. बहुधा तो चार वर्षांपासून तुमच्या विचारण्याचीच वाट पाहत असेल.